घरच्या मीटरवर ईव्ही चार्ज होईल का? बोर्ड, वायर आणि अर्थिंग कसं तपासायचं

सातारा असो नाहीतर सांगली, इलेक्ट्रिक गाडी घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न रेंजचा, दुसरा बॅटरी किती वर्षं टिकणार याचा, आणि घरातल्या वायरिंगचा विषय निघतो तो गाडी दारात आल्यावर. तोपर्यंत कुणीतरी सांगून ठेवलेलं असतं, "काय नाही हो, पंधरा अँपियरचा प्लग असला की झालं." हे अर्धं खरंय. प्लग असतो, पण त्याच्या मागं भिंतीत कुठली वायर गेलीय, ती बोर्डात कशाला जोडलीय, बोर्डापासून मीटरपर्यंत काय अवस्था आहे आणि अर्थिंगची वायर खरंच जमिनीत गेलीय का, हे शोरूममध्ये बसून कुणालाच सांगता येत नाही. ते घरी येऊन बघावं लागतं. यातलं बरंचसं तुम्ही स्वतः झाकण न उघडता बघू शकता, उरलेलं परवाना असलेल्या वायरमनकडून करून घ्यायचं. काय बघायचं आणि का, ते सांगतो.

आधी मूळ गोष्ट. घराची वायरिंग होते तेव्हा दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात, सगळं एकदम चालू होणार नाही आणि जे मोठं आहे ते फार वेळ चालणार नाही. गिझर दोन किलोवॅटचा असतो पण वीस मिनिटात पाणी तापलं की आपोआप बंद पडतो, इस्त्री हजार वॅटची पण ती सारखी चालू-बंद होत राहते, मिक्सर तर दोन मिनिटाचं काम. गाडीचं तसं नाही. साध्या प्लगवरचा चार्जर साधारण ३.३ किलोवॅट ओढतो, म्हणजे २३० व्होल्टवर १४-१५ अँपियर, आणि तो आकडा सहा-सहा आठ-आठ तास हलत नाही. वायर, प्लग, एमसीबी (बोर्डातला, जास्त करंट झाला की आपोआप पडणारा खटका) हे सगळं गरम व्हायला वेळ लागतो, वीस मिनिटात जे कोमट असतं ते दोन-तीन तासांनी हात लावू देत नाही. म्हणून "आमच्या त्याच प्लगवर गिझर दहा वर्षं चालतोय" हा पुरावा गाडीसाठी चालत नाही.

आता गाडीला किती लागतं ते बघू, कारण इथं लोक उगाच घाबरतात आणि उगाच मोठा चार्जर घेतात. भिंतीवर बसवतात त्या डब्याला आपण चार्जर म्हणतो खरं, पण एसी चार्जिंगमध्ये, म्हणजे घरातल्या साध्या विजेवर, खरा चार्जर गाडीच्या पोटात असतो, भिंतीवरचा डबा फक्त सुरक्षितपणे वीज पोचवतो आणि गाडीला सांगतो की एवढ्या अँपियरपर्यंत घे. त्यामुळं गाडीतला चार्जर ३.३ किलोवॅटचा असेल, जसा एमजी कॉमेटच्या साध्या मॉडेलमध्ये आहे, तर तुम्ही ७.२ चा डबा लावला तरी गाडी ३.३ च घेणार. टियागो ईव्हीत दोन्ही पर्याय मिळालेत, ३.३ आणि ७.२. महिंद्राच्या बीई ६ सारख्या मोठ्या बॅटरीच्या गाडीत ११.२ पर्यंतचा पर्याय आहे, पण त्याला घरात थ्री फेज लागतं. तुमच्या गाडीत कितीचा आहे हे बुकिंगच्या आधी विचारून कागदावर घ्या.

आणि रोजची गरज काढा. आपल्याकडच्या लहान-मध्यम गाड्या एका युनिटला साधारण सहा ते आठ किलोमीटर जातात. सांगली-मिरज रोज जाऊन-येऊन वीस-पंचवीस किलोमीटर झाले तर चार युनिटच्या आतबाहेर, म्हणजे ३.३ वर सव्वा-दीड तासाचं चार्जिंग. सातारा-कराड रोज अपडाऊन करणारा धरा, शंभरएक किलोमीटर, त्याला चार्जिंगमधली थोडी घट धरून सोळा-सतरा युनिट लागतील, तेही पाच-सव्वापाच तासात होतंय. रात्री अकराला लावली तर पहाटे चारच्या आसपास काम संपलं. म्हणून माझं स्पष्ट मत असं की, घरी एकच गाडी असेल आणि ती रोज रात्री दारात उभी राहत असेल तर बहुतेकांना ७.२ ची गरज नाही. ज्यांची गाडी दिवसातनं दोनदा लांब जाते, किंवा बॅटरीच पन्नास-साठ युनिटच्या वर आहे, किंवा घरात दोन ईव्ही आहेत, त्यांनी मोठ्या चार्जरचा विचार करावा. हा निर्णय आधी झाला की बोर्ड तपासायला सोपं जातं, कारण १५ अँपियरला (३.३ चा चार्जर) पुरेल का आणि ३२ अँपियरला (७.२ चा) पुरेल का हे दोन एकदम वेगळे प्रश्न आहेत. इलेक्ट्रिक स्कूटरचा चार्जर बहुतेक वेळा हजार वॅटच्या आत असतो, त्यामुळं स्कूटरवाल्यांनी लोडची काळजी सोडा, पण खाली अर्थिंगचं लिहिलंय ते नीट वाचा.

सुरुवात लाईट बिलापासून. महावितरणच्या बिलावर "मंजूर भार" म्हणून एक आकडा असतो, किलोवॅटमध्ये, आणि दर संकेताच्या ओळीत सिंगल फेज का थ्री फेज ते कळतं. जुन्या घरांच्या बिलावर हा भार अर्धा किंवा एक किलोवॅट दिसतो, कारण कनेक्शन घेतलं तेव्हा घरात चार बल्ब, दोन पंखे आणि एक टीव्ही होता. त्यानंतर फ्रीज आला, गिझर आला, एसी आला, कागद तसाच राहिला. ज्याचा मंजूर भार एक किलोवॅट आहे त्यानं सव्वातीन किलोवॅटची गाडी लावण्याआधी भारवाढीचा अर्ज केलाच पाहिजे. हा भार फक्त कागदावरचा आकडा नाही, महावितरण तुमच्या गल्लीतल्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) किती घरांचा किती लोड आहे हे त्याच आकड्यावरून धरतं. एका डीपीवरच्या पाच-सहा घरांनी न सांगता गाड्या लावल्या की रात्री सगळ्या गल्लीचं व्होल्टेज पडतं. भार वाढवला की बिल वाढतं अशी भीती बऱ्याच जणांना असते, तर सिंगल फेज घरगुती ग्राहकाचा स्थिर आकार मंजूर भाराच्या किलोवॅटवर मोजत नाहीत. थ्री फेजला गेलात तर मात्र स्थिर आकार जास्त आहे, आणि भार दहा किलोवॅटच्या वर गेला की आणखी वाढतो. अर्ज ऑनलाईन होतो, अ‍ॅपवरही होतो, आणि वायरिंगसाठी परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो.

मग मीटरपाशी जा. मीटरवर अँपियरचा आकडा छापलेला असतो, सिंगल फेजला ५-३० अशा पद्धतीनं, त्यातला मोठा आकडा म्हणजे मीटरची कमाल मर्यादा. ३० अँपियरच्या मीटरवर ३२ अँपियरचा चार्जर बसत नाही हे सांगायला वायरमन लागत नाही. आणि एक उपयोगाची गोष्ट, बऱ्याच डिजिटल मीटरच्या डिस्प्लेवर एकामागून एक आकडे फिरत असतात, त्यात एमडी आणि केडब्ल्यू असं लिहिलेला एक आकडा येतो. ती तुमच्या घराची कमाल मागणी, म्हणजे मोजणीच्या काळात साधारण अर्ध्या तासाच्या सरासरीनं घरानं सगळ्यात जास्त किती ओढलं ते. तो आकडा २.८ असेल आणि त्यात ३.३ मिळवले तर ६.१ किलोवॅट, म्हणजे साडेसव्वीस अँपियर. कुठल्या उपकरणावर काय लिहिलंय ते शोधत बसण्यापेक्षा हा आकडा जास्त खरा, फक्त तो वेगवेगळ्या ऋतूत बघा, मे महिन्यात एसीचा आणि डिसेंबरात गिझरचा.

मीटरला खांबावरून येणारी सर्व्हिस वायर बहुतेक ठिकाणी ॲल्युमिनियमची असते. ती जुनी, ठिकठिकाणी जोड दिलेली, झाडाच्या फांदीला घासणारी असेल तर आत कितीही भारी वायरिंग करा, अडचण बाहेरच आहे. त्या वायरला आणि मीटरच्या सीलला आपण हात लावायचा नाही, भारवाढीच्या अर्जातच ते काम येतं.

मीटरच्या पुढं मेन स्विच किंवा डीबी, म्हणजे सगळे खटके असलेला मुख्य डबा. इथं एक घोळ फार ठिकाणी दिसतो. डीबीत सगळ्यात पहिला मोठा खटका असतो, त्यावर ४० किंवा ६३ लिहिलेलं असतं आणि लोक म्हणतात आमचा मेन ६३ चा आहे. बघा, आकड्याच्या आधी बी किंवा सी असं अक्षर असेल, म्हणजे सी ३२, सी ४०, तर तो एमसीबी, जास्त करंट झाला की पडतो. नुसताच ४० किंवा ६३ असेल तर तो बहुतेक आयसोलेटर आहे किंवा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पडणारा खटका) आहे, आयसोलेटर फक्त हातानं बंद करायला असतो आणि ओव्हरलोडवर तो स्वतः कधीच पडत नाही. साताऱ्यातल्या शनिवार-मंगळवार पेठेतल्या किंवा सांगलीच्या गावभागातल्या जुन्या वाड्यांमध्ये तर अजून लाकडी फळीवर चिनी मातीचे किटकॅट फ्यूज आहेत, त्यात कुणी कुठली तार गुंडाळलीय हे देवच जाणे. अशा बोर्डावर गाडी लावायचा विचारसुद्धा करू नका, आधी बोर्ड बदला.

एमसीबीबद्दल अजून एक. घरगुती एमसीबीचा आकडा ३० अंश तापमानाला धरून ठरवलेला असतो. सांगलीत एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीला जातो आणि डीबी पश्चिमेच्या भिंतीवर बंद डब्यात असली की आत त्याहून जास्त, तेव्हा ३२ चा एमसीबी ३२ अँपियर तासन्‌तास धरणार नाही, तो पडणार. मग कुणीतरी येऊन ३२ काढून ६३ टाकून जातो आणि ट्रिप व्हायचं थांबतं. हे सगळ्यात धोकादायक काम आहे. एमसीबी वायर वाचवण्यासाठी असतो, वायर तीच ठेवून एमसीबी मोठा केला की जळायची पाळी वायरवर येते, आणि ती वायर भिंतीत, पीओपीच्या वर, कपाटाच्या मागं असते. एमसीबी वाढवायचा तर वायर वाढलीच पाहिजे.

वायरवरच थोडं थांबतो, कारण निम्मी गफलत इथंच होते. घरातल्या पॉवर प्लगला बहुतेक वेळा २.५ एमएमची कॉपर वायर असते, जुन्या घरात त्याहून बारीक सुद्धा निघते, आणि कितीतरी वेळा किचनचा प्लग आणि बाहेरचा प्लग एकाच वायरवर असतात. २.५ वर १५ अँपियर सतत चालवणं म्हणजे काठावरचं काम, त्यातून ती पाईपमध्ये इतर चार वायरींबरोबर कोंबलेली आणि वर उन्हात तापणारा स्लॅब. म्हणून १५ अँपियरच्या चार्जिंगला डीबीपासून थेट प्लगपर्यंत स्वतंत्र ४ एमएमची कॉपर लाईन टाका, मध्ये कुठंही जोड नको, त्या लाईनवर दुसरं काहीच नको. ७.२ च्या चार्जरला ६ एमएम चालते असं सांगतात, अंतर थोडं आणि वायर मोकळ्या पाईपमध्ये असेल तर चालतेही, पण मी १० एमएमच सांगेन, ४० चा एमसीबी टाकून. कारण साधा हिशोब आहे. मीटर रूमपासून पार्किंग ४० मीटर लांब असेल तर ६ एमएममध्ये ३२ अँपियरला जवळपास ८ व्होल्ट वायरमध्येच जातात आणि अडीचशे वॅट नुसती उष्णता होते. १० एमएममध्ये हेच दीडशे वॅटवर येतं. चार तास रोज चार्जिंग झालं तर फरक वर्षाच्या बिलात दिसतो, आणि वायर थंड राहते हा त्याहून मोठा फायदा.

पण खरं सांगायचं तर आग वायरच्या मधल्या भागात क्वचित लागते, ती लागते टोकाला. प्लगच्या पिनेपाशी, सॉकेटच्या स्क्रूपाशी, डीबीतल्या न्यूट्रल लिंकपाशी (वीज परत नेणाऱ्या वायरी जिथं एकत्र जोडतात तिथं). एखादा स्क्रू थोडा सैल राहिला आणि तिथं फक्त ०.२ ओहम अडथळा तयार झाला, तर १५ अँपियरला त्या एका टाचणीएवढ्या जागेत ४५ वॅट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्तीवाल्याकडं शिसं वितळवायची सोल्डरिंग इस्त्री असते ना, ती साधारण २५ वॅटची असते. आता ती इस्त्री प्लास्टिकच्या सॉकेटमध्ये रात्रभर ठेवलीय असं समजा. ३२ अँपियरला हाच आकडा दोनशे वॅटच्या वर जातो. म्हणून स्वस्तातलं सॉकेट, पिना सैल झालेलं जुनं सॉकेट, मल्टीप्लग आणि एक्स्टेन्शन बोर्ड हे चारही बाद. एक्स्टेन्शन आणि अडॅप्टर वापरायचा नाही हे केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमातच आहे, आणि प्रत्येक चार्जिंग पॉईंटला स्वतंत्र सर्किट हवं हेसुद्धा. साध्या घरगुती सॉकेटऐवजी जाड पिनांचं, धातूच्या डब्यातलं इंडस्ट्रियल सॉकेट मिळतं, गाडीच्या कंपनीनं दिलेल्या केबलला बसत असेल तर तेच घ्या.

अर्थिंगचं नीट वाचा म्हटलं होतं. गाडीचा चार्जर सुरू व्हायच्या आधी स्वतः अर्थ तपासतो आणि अर्थ नीट नसेल तर लाल दिवा लावून बसतो. मग वायरमनला बोलावलं जातं आणि कधीकधी तो सॉकेटमध्ये अर्थ आणि न्यूट्रल एका तुकड्यानं जोडून देतो. चार्जर फसतो, हिरवा दिवा लागतो, सगळे खूश. हात जोडून सांगतो, हे कुणालाही करू देऊ नका. खांबावर किंवा डीपीवर न्यूट्रल तुटलं, आणि वळवाच्या पावसात आपल्याकडं ते तुटतंच, तर गाडीची अख्खी बॉडी २३० व्होल्टला येते. पोरगं शाळेला जाताना ओल्या फरशीवरून येऊन गाडीच्या दाराला हात लावतं. एवढं चित्र डोळ्यांपुढं ठेवलं तरी पुरे.

दुसरं, अर्थिंग तपासायला बरेच जण फेज आणि अर्थच्या मध्ये बल्ब लावून दाखवतात, "बघा, लागला, अर्थिंग चांगलंय." बल्ब लागला म्हणजे वायर कुठंतरी जमिनीला टेकलीय एवढंच कळतं. साठ वॅटच्या बल्बचा स्वतःचा अडथळा साडेआठशे ओहमच्या वर असतो, त्यामुळं अर्थिंग ५० ओहम असं भिकार असलं तरी बल्ब झगझगीत लागणार. आपल्याला घरासाठी पाच ओहमच्या आत हवं आणि ते अर्थ टेस्टर नावाच्या यंत्रानं मोजायचं असतं, वायरमनला ते यंत्र घेऊनच बोलवा. मातीवर फार अवलंबून आहे हे. कृष्णाकाठच्या काळ्या ओल्या मातीत अर्थिंग सहज चांगलं मिळतं, साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या उताराला दोन-तीन फुटावर खडक लागतो, आणि माण-खटाव, जत, आटपाडीकडं उन्हाळ्यात जमीन अशी कोरडी पडते की पावसाळ्यात तीन ओहम दाखवणारं अर्थिंग एप्रिलमध्ये तिप्पट-चौपट होऊ शकतं. म्हणून मोजायचं तर उन्हाळ्यात मोजा, खड्ड्याचं झाकण सिमेंटनं बंद करू नका, पाणी ओतायला जागा ठेवा. खडकात एकाच खड्ड्यानं भागलं नाही तर दोन खड्डे घेऊन एकत्र जोडतात.

याच्या जोडीला आरसीसीबी लागतोच, ३० मिलिअँपियरचा, फक्त गाडीच्या लाईनला वेगळा. गळती झाली की तो पापणी लवायच्या आत वीज तोडतो. दुकानात मागितला की बहुतेक वेळा एसी टाईपचा देतात कारण तो स्वस्त आणि नेहमीचा. गाडीसाठी निदान ए टाईप हवा. गाडीत घरच्या एसी विजेचं बॅटरीला लागणारं डीसी होतं, त्यामुळं गळतीत डीसी असू शकतं आणि ते डीसी साध्या आरसीसीबीला आंधळं करतं, म्हणजे गळती असली तरी तो पडत नाही. भिंतीवरच्या चांगल्या चार्जरमध्ये ६ मिलिअँपियर डीसी ओळखायची सोय आतच असते, माहितीपत्रकात ते लिहिलंय का बघून घ्या. नसेल तर आरसीसीबी बी टाईपचा लागतो आणि तो बराच महाग आहे, म्हणजे स्वस्त चार्जर शेवटी स्वस्त पडत नाही.

आता एक घर धरून हिशोब करू. सांगलीत विश्रामबागला टू बीएचके, सिंगल फेज, मेन एमसीबी ३२ चा. रात्री बारा वाजता काय चालू असतं, दीड टनाचा एसी दीड-पावणेदोन किलोवॅट, फ्रीज आणि पंखे मिळून अजून तीनएकशे वॅट, म्हणजे दोन किलोवॅट धरा. त्यात गाडी ३.३. झाले ५.३ किलोवॅट, तेवीस अँपियर, ३२ च्या मेनला आरामात. पहाटे साडेपाचला चित्र बदलतं. गिझर दोन किलोवॅट, नळाला पाणी आलं म्हणून एक एचपीची मोटर, सुरू होताना ती क्षणभर कितीतरी पट ओढते, मिक्सर, इस्त्री, सगळं मिळून साडेचार किलोवॅट. गाडी अजून लागलेलीच असेल तर पावणेआठ, म्हणजे चौतीस अँपियर, आणि मेन आज ना उद्या पडणार. उपाय फुकटातला आहे, गाडीच्या अ‍ॅपमध्ये किंवा स्क्रीनवर वेळ लावता येते, अकराला सुरू आणि पाचला बंद. याच घरात ७.२ लावला तर रात्रीच दोन अधिक ७.२, चाळीस अँपियर, एवढं हे घर धरत नाही, त्याला भारवाढ, मोठा मीटर, नवी सर्व्हिस वायर आणि बहुतेक थ्री फेज लागणार. घराचा एकूण लोड बघून गाडीचे अँपियर आपोआप कमी-जास्त करणारे चार्जरही मिळतात, मेनच्या वायरला एक कडी बसवतात, तो पर्याय थोडा महाग पण जागेवर चांगला चालतो.

थ्री फेज आहे म्हणून निवांत बसणाऱ्यांसाठी सांगतो. दहा किलोवॅटचं थ्री फेज म्हणजे प्रत्येक फेजला सव्वातीन-साडेतीन किलोवॅट. ७.२ चा चार्जर सिंगल फेजचाच असतो, तो सगळा एका फेजवर बसतो, ३१-३२ अँपियर. त्याच फेजवर बेडरूमचा एसी आणि गिझर असेल तर ती फेज भरून वाहणार आणि बाकीच्या दोन रिकाम्या. म्हणून डीबीत लोड वाटून घ्यावा लागतो, गाडीची फेज शक्यतो गाडीलाच. आणि गावाकडं फेज गेली की दुसऱ्या फेजवर घर टाकायचा चेंजओव्हर असतो, गाडीची लाईन त्या चेंजओव्हरच्या बाहेर ठेवा, नाहीतर एक फेज गेल्यावर सगळं घर आणि गाडी एकाच वायरवर येते. इन्व्हर्टरच्या लाईनवर तर गाडी कधीच नको. छतावरच्या सोलरचा आणि याचा संबंध विचारतात, तीन किलोवॅटचं सोलर दिवसाला सरासरी बारा युनिटच्या आसपास देतं, नेट मीटरवर त्याचा बिलाला फायदा होतो, पण रात्री गाडी वीज खांबावरूनच घेते आणि त्याच वायरीतून घेते, त्यामुळं सोलर आहे म्हणून बोर्डाची ताकद वाढत नाही.

शेतावर घर असेल तर शेतीपंपाच्या कनेक्शनवर गाडी लावू नका. सवलतीचा दर एका कामाला आणि वापर दुसऱ्याला, हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर होतो, आणि पंपाच्या लाईनचं व्होल्टेज गाडीच्या भल्याचं नसतं. घरच्या घरगुती कनेक्शनवर स्वतःची गाडी चार्ज करायला मात्र वेगळा परवाना किंवा वेगळं मीटर लागत नाही. फक्त बिलाचे टप्पे लक्षात ठेवा, १०० पर्यंत, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत. महिन्याला हजार किलोमीटर म्हणजे दीडशे-पावणेदोनशे युनिट वाढतात, आणि दोनशे जाळणारं घर तीनशेच्या वरच्या महाग टप्प्यात जातं. वापर जास्त असेल तर ईव्ही चार्जिंगच्या वेगळ्या वर्गात वेगळं कनेक्शन घेतल्यावर काय पडतं तेही काढून बघा.

अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांचा प्रश्न बोर्डापेक्षा माणसांचा जास्त असतो. लाईन आपल्या मीटरपासून आपल्या पार्किंगपर्यंत पाईपमधून न्यायची, सोसायटीच्या कॉमन मीटरवरून नाही. सोसायटी अडवत असेल तर फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमात दुरुस्ती झालीय, त्यानुसार ग्राहक ईव्ही चार्जिंगसाठी स्वतंत्र कनेक्शन मागू शकतो. मात्र कमिटीला एकदा सगळ्यांचा मिळून विचार करायला सांगा, आज एक गाडी आहे, पाच वर्षांनी दहा असतील, आणि मीटर रूमला येणारी मेन केबल तीच असेल.

सांगलीकरांसाठी उंचीचा मुद्दा. नियमानुसार चार्जिंगचं सॉकेट जमिनीपासून निदान ८०० मिलिमीटर, म्हणजे अडीच फुटाच्या वर हवं. ज्यांच्या पार्किंगमध्ये २०१९ ला आणि २०२१ ला पाणी आलं, गावभाग, दत्तनगर, कर्नाळ रोड, सांगलीवाडी, त्यांना हे पुरत नाही. चार्जर जमेल तेवढा वर लावा आणि त्याचा एमसीबी वरच्या मजल्यावर घ्या, म्हणजे कृष्णेची पातळी वाढायला लागली की पाण्यात न उतरता वरूनच बंद करता येईल. पाणी ओसरल्यावर सॉकेट कोरडं दिसलं तरी तपासल्याशिवाय चालू करायचं नाही, आतल्या स्क्रूवर गाळ बसलेला असतो आणि वर सांगितलेला सैल जोडाचा प्रकार तिथं आपोआप तयार होतो.

सगळं काम झालं की पहिली रात्र गाडी लावून झोपायला जाऊ नका. दिवसा लावा, एका तासानं बटण बंद करून प्लग काढा आणि पिना, सॉकेटची कड, मग डीबीतल्या एमसीबीचा पुढचा भाग असा हाताच्या मागच्या बाजूनं अंदाज घ्या. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल, प्लास्टिकचा वास येत असेल किंवा पिनेवर तपकिरी डाग असेल तर चार्जिंग थांबवा आणि वायरमनला तो जोड परत आवळायला लावा. बऱ्याच गाड्यांमध्ये किंवा चार्जरमध्ये करंट १५ वरून १० किंवा ८ अँपियरवर आणता येतो, दुरुस्ती होईपर्यंत तसं चालवा, तेही सॉकेट थंड राहत असेल तरच. तीन तासांनी हेच परत करा, नंतर महिन्याभरानं एकदा, आणि स्क्रू आवळून घ्यायचं काम वर्षातनं एकदा, उन्हाळ्याच्या आधी.